तळाचा चमचा

बेंबळी, मंगळवार, दिवेलागणीनंतर

सूनबाईनं आज धाराशिवहून आंब्याच्या दह्याचा कप आणला. "मामा, खाऊन बघा, लई गोड हाय." खाल्लं. गार, पिवळंधम्मक, आंबटपणा नावाला. दही म्हणावं का याला? तरी खात राहिलो. तळाशी चमचाभर उरलं आणि हात आपसूक थांबला.

"आवडलं न्हाय व्हय?" तिनं विचारलं.

सुमन असती तर म्हणाली असती, "अवं, तळाचं ऱ्हाऊ द्या, उद्याचं दही त्यात हाय." लग्नात माहेराहून आणलेलं विरजण तिनं जन्मभर रोज पुढं चालवलं. ती गेली आणि सुतकात विरजण लावायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तिथंच ते संपलं. आता दही विकतचं.

तो तळाचा चमचा मघाशी कोमट दुधात घातला आणि भांडं सुमनच्या कोनाड्यात झाकून ठेवलं. सूनबाई हसली, "मामा, ह्याचं दही लागतंय व्हय?" नसेल लागत. पण मघापासून मी घरात पाय न वाजवता चालतोय. दही लागत असताना कुणी धपधप चाललेलं सुमनला खपत नाही.