माझ्या हत्येच्या कटाची नोंद

४ ऑगस्ट २०२५, सोमवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. कारण: इतिहास. आर्वीच्या वाचनालयातून आणलेलं मारल्या गेलेल्या राजांचं जाड पुस्तक काल संपलं. कव्हर फाटलेलं, लेखकाचं नाव गेलेलं, पण माणूस हुशार. एकाही राजाने आपल्याविरुद्धच्या कटाची नोंद वेळेवर ठेवली नाही. ठेवली असती तर वाचले असते. मी ठेवणार.

मी, मधुकरराव, रोहण्याच्या भाजीपाला उत्पादक गटाचा अध्यक्ष. सलग अकरा वर्षं. सभासद चौदा, टेम्पो एक. कोणी म्हणेल राज्य लहान आहे. पण सत्ता ती सत्ता. पहाटे टेम्पोत कोणाची कॅरेट कधी चढणार, हे मी ठरवतो. जी शेवटी चढतात ती आर्वीच्या बाजारात आधी उतरतात, त्यांची हर्रास, म्हणजे लिलाव, आधी होते, आणि चांगला भाव तेव्हाच असतो. माझी कॅरेट शेवटी चढतात. अध्यक्षाने मागे राहून इतरांना पुढे जाऊ द्यावं, असं माझं तत्त्व आहे.

६ ऑगस्ट, बुधवार.
पानठेल्यावर रूपराव आणि वैभव बोलत होते. रूपराव गटाचा सचिव, शिवाय शेजारी. वैभव माझा पुतण्या, टेम्पो तोच चालवतो. मी पोचताच दोघं गप्प. मग रूपराव म्हणाला, काय म्हन्ते पाणी, भाऊ? पाऊस धो धो पडत होता. विचारायची गरज काय? संशयास्पद.

पुस्तकाप्रमाणे कटवाल्यांचे हेतू चार. सूड, लोभ, भीती आणि देशप्रेम. रूपराव: सूड. मागच्या दिवाळीत त्याचा सांबार, म्हणजे कोथिंबीर, मी सर्वांत आधी चढवला. खाली उतरेपर्यंत जुड्या पिवळ्या पडल्या. एवढ्यावरून माणूस मनात ठेवतो. वैभव: लोभ. शिवाय पुतण्या. पेशवाईत काकामुळे पुतण्या गेला. इथे काका मी, म्हणजे उलट बाजूने सावध राहायला हवं.

९ ऑगस्ट, शनिवार.
संरक्षण व्यवस्था सुरू. दाढी बंद, वस्तऱ्याचा भरवसा नाही. वावरात रोज वेगळ्या वाटेने जायचं. अन्न आधी दुसऱ्याने चाखायचं. बायकोला, कुंताला, सांगितलं, आजपासून माझं जेवण आधी तू चाख. ती म्हणाली, मीच रांधते, मीच चाखते, मंग तुमी खाता, बत्तीस वर्सं झाले, आता नवीन काय? व्यवस्था आधीपासूनच चोख निघाली.

१० ऑगस्ट.
वेगळ्या वाटेने गेलो. नाल्यात पडलो. कोणी ढकललं नाही, पण वाट वाहून गेल्याचं कोणी सांगितलंही नाही. उद्यापासून जुनीच वाट. मी तिथून जाईन असं शत्रूला आता वाटणार नाही.

१३ ऑगस्ट.
माझा निळ्या चौकड्यांचा शर्ट गायब. टेम्पोच्या पूजेला घातला होता तो. कुंताला विचारलं. म्हणाली, असन कुठी. बत्तीस वर्षांत ती कधी असं म्हणाली नाही. ती जागा सांगते, वर मी आंधळा आहे हेही सांगते. नोंद केली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.
झेंडावंदन. अध्यक्ष म्हणून दुसऱ्या रांगेत खुर्ची मिळाली, पण पाठ उघडी. रोमच्या त्या राजाला भर सभेत तेवीस वार बसले होते. खुर्ची उचलून शाळेच्या भिंतीला लावली. तिथून झेंडा दिसत नव्हता. सलामी अंदाजाने दिली. दाढी खाजते.

१८ ऑगस्ट, सोमवार. दुपारी.
सापडला कट! हरवलेली बकरी शोधायच्या निमित्ताने रूपरावच्या गोठ्यामागे गेलो. (आमच्याकडे बकरी नाही.) तिथे बांबू, तणस, कागदाचा ढीग, आणि त्यावर माझा निळा शर्ट. बडग्या! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जो गावाला नडतो त्याचा पुतळा करून मारबतीच्या पुतळ्यासोबत मिरवायचा आणि शिवेवर जाळायचा. यंदा मला जाळणार. त्याच संध्याकाळी गटाची वार्षिक सभा. आधी पुतळा, मग खुर्ची.

ही वही कोणी वाचणार नाही म्हणून खरं लिहितो. पहिल्यांदा छाती भरून आली. मागच्या वर्षी बडग्या महागाईचा होता, त्याआधी भ्रष्टाचाराचा. आणि आता मी. अख्ख्या तालुक्यात एवढा मान कोणाला?

मग वाईट वाटलं. तेरा घरं. प्रत्येकाच्या लग्नात जेवलोय. एकाला तरी मी बरा वाटत असेन, असं धरून चाललो होतो.

२१ ऑगस्ट, गुरुवार.
बैलांची खांदशेकणी. खांद्यांना हळद-तूप चोळताना वाटलं, वर्षातून एकदा का होईना, याला कोणी विचारतं. मरणाचं भाषण लिहून काढलं. सर्वांना क्षमा. शेवटी त्या रोमच्या राजासारखं आपल्या माणसाकडे, म्हणजे वैभवकडे, बघायचं. आरशापुढे सराव केला. कुंता म्हणाली, दात दुखून राह्यला काय?

२२ ऑगस्ट. पोळा.
तोरणाखाली सगळे पाया पडले. वैभव दोनदा. मारणारे आधी पाया पडतात, पुस्तकात आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार. दुपारी १२.
सकाळी पांढरा सदरा घालून चौकात उभा राहिलो. डफडं वाजत आलं, घेऊन जा गे मारबत असा ओरडा, मागून बडग्या. अंगात माझा शर्ट. वर डुकराचं तोंड. बदनामीलाही काही हद्द असते. आडवा गेलो, दोन्ही हात वर केले आणि भाषण सुरू केलं. जाळा मला, माझा कोणावर राग नाही, वगैरे. वैभवकडे बघितलं. डफडं थांबलं.

रूपराव जवळ येऊन हळूच म्हणाला, मधुकरभाऊ, थे रानडुक्कर होय जी. मका खाल्ला ना त्यानं सगळ्याइचा. पाटी तं वाचा.

पाटी होती. मी विचारलं, आणि शर्ट? म्हणाला, वहिनीनं देल्ला. त्याच्या पोटावर दुसऱ्या कोनाचा बसतच नोयता.

बाजूला झालो. मिरवणूक पुढे गेली. मीही मागोमाग शिवेपर्यंत गेलो. आपला शर्ट जळताना बघवत नाही. त्यात आपण नाही, हे तर मुळीच नाही.

तोच दिवस. संध्याकाळी ७.
सभा झाली. वैभवने एकच ठराव मांडला. टेम्पोत कॅरेट चढवायचा नंबर यापुढे रोज चिठ्ठी काढून. तेरा हात वर. मीही बोलायची परवानगी मागायला हात वर केला. तो मोजला गेला. ठराव एकमताने मंजूर.

मग अध्यक्ष कोण, असं रूपरावने विचारलं. कोणीच उठेना. मागून कोणीतरी म्हणालं, राहू द्या ना भाऊलेच, आता काय त्याचं? अध्यक्षपद वाचलं. चौदा नावांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात तयारच होत्या. डबा ओळखीचा वाटला. घरचा होता. चिठ्ठ्यांवरचं अक्षर कुंताचं.

घरी येऊन सरळ हेतू विचारला. सूड की लोभ? ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, हळदीकुंकाले गेलं का बाया मले पाहून चूप बसतात. अकरा वर्सं झाले. थ्या कॅरेटपायी. तुमाले काऊन दिसत नाई? तिचे डोळे भरले होते.

हा हेतू पुस्तकात नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार.
पहिलीच चिठ्ठी माझी निघाली. पहिला नंबर म्हणून खूश झालो. मग लक्षात आलं, पहिली चढली म्हणजे माझी कॅरेट सर्वांत आत. उतरली तेव्हा हर्रास उरकत आली होती. वांग्यांची चार कॅरेट परत आली. येताना रूपरावने चहा पाजला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, होते भाऊ असं, उद्या पुन्हा चिठ्ठी आहेच. चहा चांगला होता.

आर्वीतच दाढी करून घेतली. वस्तरा मानेवर आला तेव्हा डोळे मिटले. काही झालं नाही.

जेवायला वांगीच. सवयीने ताट कुंतापुढे सरकवलं. तिने ते परत माझ्याकडे सरकवलं. म्हणाली, खा मुकाट्यानं. तुमाले कोनी मारत नाई.

खाल्लं. मीठ कमी होतं.