नाळ कुठे पुरली?

म्हसावद, ६ फेब्रुवारी १९६१

ती. नर्मदामावशीस, नवलचा शि. सा. न. वि. वि.

कॉलेज सोडले म्हणून दादा अजून बोलत नाहीत. पण तुझा भाचा कामाला लागला! पुण्याचे साहेब गावोगावच्या पोरांच्या प्रकृतीची पाहणी करताहेत. वजने मी घेतो. बाहेरून आलेल्यांची पोरे जास्त अशक्त असतात का, हे त्यांना बघायचे आहे. म्हणून पहिलाच प्रश्न, कुटुंब इथले की बाहेरचे?

काल कळसाडीला गिरधरकाकांकडे गेलो. हो, तापीचेच वडील, हसू नकोस. तिच्या धाकट्या भावाला काट्याला लावण्याआधी नियमाप्रमाणे विचारले. काका भडकलेच. म्हणे, तू गुजर, मी गुजर, सात पिढ्या आठे राबन्यात आनि मालेच इचारस? मन्हा घरमा बाहेरना तूच शे, चाल निंघ! मीही तडकलो, काटा उचलून निघालो. तापी दारातून बघत होती. पोराचे वजन राहिले आणि माझे लग्नही बुडाले.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा नवल

तळोदा, १० फेब्रुवारी

चि. नवल यास मावशीचे पोटभर आशीर्वाद.

अरे वेड्या, होणाऱ्या सासऱ्याला असे विचारतात? आधी पोर मांडीवर घे, वजन कर, कौतुक कर. मग हळूच विचार, याची नाळ कुठे पुरली? बाप आपणहून जागा दाखवायला उठेल. साहेबांनाही सांग. भाचा पाहणीवर आहे म्हणून इथे मी मिरवते, तेवढे राख.

तुझी मावशी

म्हसावद, २१ फेब्रुवारी

ती. मावशीस शि. सा. न.

तुझ्या प्रश्नासाठी साहेबांशी भांडलो, शेवटी त्यांनी करून बघ म्हटले. पुन्हा कळसाडीला गेलो, पोर गुटगुटीत भरले. नाळेचे विचारताच काकांनी हात धरून गोठ्यामागची जागा दाखवली. बापाची, स्वतःची, पोराची, सगळ्या नाळा तिथेच. छाती काय फुगली होती त्यांची! मग मलाच विचारले, तुन्ही कोठे?

खरे ते सांगितले, पहिलटकरीण आई माहेरी गेली, माझी नाळ निझरला. आणि निझर तर गेल्या मे महिन्यात राज्ये वेगळी झाल्यापासून गुजरातेत. काका पोट धरून हसले. म्हणे, लिख, नवल बाहेरना!

साहेबांना तसेच सांगितले, एवढ्यावर जाल तर निम्मी थोरली पोरे आजोळी जन्मल्याने परकी ठरतील. आता चूल इथे कधी मांडली, हेही विचारायचे ठरले. दोन्ही प्रश्न आपल्या घरचे, मावशी!

निघताना काका तापीकडे न बघता म्हणाले, की लगीन करा, पन पहिला लेकरूनी नाळ कळसाडीलेच पुरानी, रिवाज शे.

लग्नाचे दादांना तूच सांग. तुझी माया अशीच पाठीशी असू दे.
नवल