तुसाची राख

येसा,

मी सकाळच्या एस्टीने अलिबागला जातोय, डोळे दाखवायला. वहिनीही सोबत आहे. वाटणी झाल्यापासून तू माझं ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहून ठेवतोय.

काल पारावर चारचौघांत म्हणालास, "दादाचे डोळे लाल बघा, रात्री जागून माझ्या खाचरातलं पाणी चोरतो हाय." डोळे राखेने लाल आहेत. लावणीआधी गिरणीतल्या तुसाची राख शेतात फेकत होतो, ती वाऱ्याने उलटी तोंडावर आली, तेव्हापासून डोळे चुरचुरतात. ग्रामसेवक म्हणाला होता, या राखेने भाताची काडी कणखर होते, पावसाने ताण दिला तरी तग धरते. तू तेव्हा हसलास.

आता अठरा दिवस पाऊस नाही. माझ्या खाचरांतही थेंब नाही, भेगांत हात जातो. तरी भात उभं आहे. आणि तुझं आंब्याकडचं खाचर बघ. बाकीची दोन करपली, मग तेच हिरवं कसं? वाटणी विसरून, जुन्या सवयीने तिथेही तीन गोणी राख टाकून बसलो. बांधावर येऊन टेकलो तेव्हा लक्षात आलं. म्हटलं, असू दे.

भांडायला आता त्राण नाही. गोठ्याची चावी कोनाड्यात आहे, बैलांना पेंढा घाल. परवा येतो. मधे पाऊस आलाच तर माझ्या बांधांची तोंडंही तूच बुजव. पाणी तुझ्या हवाली करून चाललोय.

दादा