धक्क्याला बांधलेली मिस एल्डा

मी, एल्डा मे प्रुइट, हार्लन प्रुइट यांची विधवा, राहणार हॅडक्स क्रीक, समरसेट काउंटी, मेरीलँड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळे बरे आहेत. हृदयाबद्दल सॉल्सबरीच्या डॉक्टरांनी सांगायचे ते सांगितले आहे. त्याचा या कागदाच्या खरेपणाशी संबंध नाही. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. करायला घरात कोणी नाही.

याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते हार्लन जिवंत असताना लिहिले होते आणि तेव्हा सगळे एकमेकांशी बोलत होते.

कलम १. मला चर्चमागे हार्लनशेजारी पुरावे. दगडावर माझे नाव आधीच कोरलेले आहे, फक्त साल घालायचे आहे. फुले नकोत. जेवण चर्चच्या बायकांनी करावे. खेकड्याच्या वड्या मात्र माझ्या नणंदेने, लोरेटाने, करू नयेत. ती त्यात पावाचा चुरा फार घालते. हे तिला तोंडावर सांगायला मला जन्मभर जमले नाही.

कलम २. ऑयस्टरच्या कालवणाचे मोठे पातेले तरीही लोरेटालाच द्यावे. हार्लनच्या दफनाच्या दिवशी ती मला म्हणाली होती, “देवाची दया गं एल्डा, त्याला बोट बुडालेली बघावी लागली नाही.” त्यात देवाचा हात नव्हता. त्याला सांगितले नव्हते, एवढेच.

कलम ३. शेजारचे केसलर वॉशिंग्टनहून शनिवार-रविवारी येतात, म्हणजे पूर्वी येत असत; आता क्वचितच. त्यांची पांढरी बोट धक्क्याला उभी असते. तिच्या कुशीतल्या नळीतून थोड्या थोड्या वेळाने पाण्याची पिचकारी पडते. मी त्यांना कुंपणावरून सांगितले होते. (इकडे वयस्क बाईला, लग्न झालेले असले तरी, मिसच म्हणतात.)

“केसलर, तुमच्या बोटीत पाणी येतंय.”

“येतंय कुठं, मिस एल्डा? जातंय. पंप झकास चाललाय.”

“आत येतंय म्हणूनच बाहेर जातंय ना?”

“म्हणून तर दुसरापण बसवून घेतला!”

त्यांना मी काही ठेवत नाही. हे कलम मात्र त्यांना वाचून दाखवावे.

कलम ४. ‘मिस एल्डा’ ही बोट कोणाला देता येत नाही, कारण ती आता नाही. तरी तिचे कलम हवे. पुढची कलमे तिच्यामुळे अशी झाली आहेत.

हार्लनने आयुष्यभर कोंबड्या पाळल्या. लांबलचक शेड, पंख्यांची घरघर, कपड्यांतून न जाणारा वास. गुडघे गेले तेव्हा त्याने शेड विकल्या आणि ही बोट घेतली. आमच्याकडे बोटीला बायकोचे नाव देतात. बायकोला विचारत नाहीत. नाव मागच्या बाजूला, सोनेरी अक्षरांत. आत दोन संडास, गार हवेचे यंत्र, बर्फाचे यंत्र, आमिषाचे मासे जिवंत ठेवायची टाकी. मी विचारले, एवढ्याला पाणी कुठून आणणार? तो म्हणाला, खाली नदी आहे की. तेव्हा मला समजले की प्रत्येक सोयीसाठी बोटीच्या तळाला एक भोक असते. बोट जितकी महाग तितकी भोके जास्त.

हे हार्लनला माहीत होते. बोटीवरून उतरण्याआधी तो इंजिनाला पाणी देणारा तळाचा व्हॉल्व्ह बंद करी आणि बोटीची किल्ली त्याच व्हॉल्व्हच्या दांडीला अडकवून वर येई. पुढच्या खेपेला किल्ली हवी तर तळाशी वाकावेच लागते, आणि वाकले की व्हॉल्व्ह उघडायची आठवण होते. ही त्याच्या बापाची रीत. मुलांनाही त्याने तीच लावली. मुले नदीवरून आली की जेवायला बसण्याआधी तो विचारी, “किल्ली कुठंय?” आणि “दांडीला” हे उत्तर आल्याखेरीज काटा उचलत नसे.

एका वसंतात त्याचे अर्धे अंग गेले. मी सॉल्सबरीच्या हॉस्पिटलात त्याच्या उशाशी राहिले आणि बोट बघायला मुलांना सांगितले. रॉयस थोरला, बाल्टिमोरला घरे विकतो. तेव्हा तो माझ्या घरी मुक्कामाला होता, अंधारात येई, अंधारात जाई. डेल धाकटा, आधी खेकडे धरायचा, खेकडे कमी झाले तेव्हा इथल्याच तुरुंगात पहारेकरी झाला. तो रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला राहतो. हार्लन उरलेल्या अर्ध्या तोंडाने रोज एकच शब्द विचारी.

“बोट?”

“मस्त आहे, बाबा,” रॉयस म्हणे.

“तरंगतेय, बाबा. तुम्ही उठा फक्त. रॉकफिश वाट बघतायत,” डेल म्हणे.

रॉयसला वाटत होते, डेल गावात आहे, तो बघत असेल. डेलला वाटत होते, रॉयस घरातच झोपतो, तो बघत असेल.

शेजारच्या क्लिफ्टन बोझमनने हॉस्पिटलात फोन केला.

“मिस एल्डा, बसल्यात का?”

“बसलेय. बोल.”

“मिस एल्डा बुडाली.”

“अजून नाही,” मी म्हटले. मग मला अर्थ लागला.

विम्याच्या माणसाने नंतर समजावले, ते इथे लिहून ठेवते, कारण मुलांनी ते कधी शेवटपर्यंत ऐकून घेतले नाही. बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याचा दांडा तळातून जिथे बाहेर जातो तिथले पॅकिंग झिजले होते. तिथून थेंब थेंब पाणी कित्येक वर्षे येत होते. पंप ते फेकत होता, म्हणून कोणाला दिसले नाही. वादळात धक्क्यावरची वीज तुटली. पंप बॅटरीवर चालला, बॅटरी संपली, पंप थांबला. पाणी थांबले नाही. बोट मागून जड झाली. डेकवरचे पावसाचे पाणी बाहेर जायला मागच्या बाजूला जी भोके असतात ती नदीला टेकली, आणि मग नदी त्यांतून आत आली. वादळात बोट टिकली होती. ती नंतर बुडाली, स्वच्छ उन्हात, चारही दोर नीट बांधलेले असताना. मागची बाजू आधी गेली. नाव आधी गेले.

विम्याने पैसे नाकारले. झीज आणि दुर्लक्ष, असे कारण दिले. हे शब्द मला कठोर वाटले नाहीत.

मुले हॉस्पिटलच्या जिन्यात भांडली. मी दाराशी उभी होते.

“शेवटचा तू गेला होतास बोटीवर. व्हॉल्व्ह उघडा टाकून आलास,” रॉयस म्हणाला.

“मी बंद केला होता. किल्लीपण टांगली होती. आणि तू? खिडकीतून मान वळवायला दुखत होती का रे तुझी?”

“मी बाबांना उचलत होतो इथं.”

“आणि मी काय चोरांबरोबर पत्ते कुटत होतो? ड्यूटी होती मला.”

हार्लन गेला त्या सकाळीही त्याने विचारले. “मस्त आहे, बाबा.” “तरंगतेय, बाबा.” त्या दिवशी दोघांनाही खरे माहीत होते. ते दोघांनी मिळून केलेले शेवटचे काम.

बोट वर काढणाऱ्यांनी मला किल्ली आणून दिली. ती व्हॉल्व्हच्या दांडीलाच होती. व्हॉल्व्ह बंद होता. डेल खरे बोलला होता. मला वाटले, आता संपले. थँक्सगिव्हिंगच्या सणाला दोघांना जेवायला बोलावले, टर्की कापण्याआधी किल्ली टेबलावर ठेवली आणि कुठे सापडली ते सांगितले.

रॉयसने ती उचलून उलटसुलट पाहिली. “नंतरपण टांगता येते,” तो म्हणाला.

“नंतर? पाण्याखाली? कुणी, खेकड्यानं?”

“मला काय माहीत तुझे मित्र कोण कोण आहेत.”

डेल उठला. जाताना त्याने कोट घेतला, टोपी विसरला. ती अजून खुंटीवर आहे. रॉयसने थोडे खाल्ले आणि टर्की छान झाली म्हणाला. मला तेव्हा कळले की किल्ली कुठे होती हा त्यांचा प्रश्नच नव्हता. थेंब त्याच्या आधीपासून येत होते. कधीपासून, ते मला आई असून सांगता येत नाही.

तेव्हापासून दोघे बोलत नाहीत. रॉयसचा फोन आला की मी म्हणते, “डेल विचारत होता तुझं.” डेल आला की म्हणते, “रॉयसनं आठवण काढली.” दोघांनीही तसे काही केलेले नसते. माझ्यामागे हे निरोप कोणी देणार नाही.

कलम ५. हार्लनचे मासेमारीचे रॉड डेलला द्यावेत आणि त्यांची रिळे रॉयसला. हत्यारांची पेटी रॉयसला, तिची किल्ली डेलला. हे मी चुकून लिहिलेले नाही. ट्रक डेलला. घड्याळ रॉयसला, ते मागे पडते.

कलम ६. माझ्या वडिलांनी बांधलेली लाकडी होडी स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर धक्क्याला बांधलेली असते. तिला इंजिन नाही, पंप नाही, छप्पर नाही. ती पहिल्या दिवसापासून गळते. वडील म्हणत, गळणारच, लाकूड आहे. प्रत्येक पावसानंतर आणि पाऊस नसला तरी अधूनमधून, कोणीतरी जाऊन कॉफीच्या डब्याने तिचे पाणी उपसावे लागते. आधी वडील, मग आई, मग मी. मुलांनीही लहानपणी उपसले आहे, एकमेकांच्या अंगावर उडवत. ती कधी बुडाली नाही. डबा तिच्यातच, बाकाखाली असतो. ते दोघांना माहीत आहे.

कलम ७. घर, जमीन आणि धक्का.

हे मृत्युपत्र माझ्या दफनानंतर दुसरा चांगला पाऊस पडून गेल्यावर, माझ्या स्वयंपाकघरात, दोन्ही मुलांसमोर वाचावे. त्याआधी, दफनाचे पहिले कलम सोडून, यातले एक अक्षर त्यांना कळता कामा नये. वकील हेवर्ड यांची याला हरकत होती.

“मिस एल्डा, तारीख घाला. पावसावर कुठं मृत्युपत्र असतं का?”

“पाऊस तारीख बघून येतो का?”

“आणि चांगला पाऊस म्हणजे नेमका किती?”

“क्लिफ्टन सांगेल. जन्म गेलाय त्याचा पावसात.”

वाचायला सुरुवात करण्याआधी वकिलांनी खिडकीतून होडीकडे पाहावे.

होडी रिकामी आणि तरंगती असेल तर घर, जमीन आणि धक्का दोघांना मिळून द्यावा. वाटणी करू नये, भिंत घालू नये, एकाने दुसऱ्याचा हिस्सा विकत घेऊ नये. पाणी कोणी उपसले हे विचारू नये. एकाने उपसले असेल तरी दोघांना द्यावे. खिडकीजवळच्या खिळ्याला ‘मिस एल्डा’ची किल्ली आहे, तीही दोघांना.

होडी काठापर्यंत भरलेली असेल तर सगळे विकावे. केसलर घेतील, कधीपासून विचारत आहेत. येणारे पैसे चर्चला द्यावेत. किल्ली खिळ्यालाच राहू द्यावी. ती कशाची, हे नव्या मालकाला सांगायला कोणी नसेल.

“होडीवर घर ठरवताय,” हेवर्ड म्हणाले. “मुलांना आधी एक शब्द तरी सांगा.”

“घर मिळणार म्हटलं तर दोघं पहाटेपासून रांग लावतील,” मी म्हटले. “मग मला काय कळलं?”

“तुम्हाला तसंही काही कळणार नाही, मिस एल्डा.”

हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. तरी कलम तसेच ठेवावे.

काय होईल ते मला दिसते. दफनाला दोघे येतील, चर्चमध्ये दोन टोकांना बसतील. पाऊस पडेल. डेल म्हणेल, रॉयस थोरला आहे, त्याने काय ते बघितले असेल. रॉयस म्हणेल, डेल तिथेच राहतो, त्याला दिसत असेल. लाकूड तळाला जात नाही. होडी काठापर्यंत भरते आणि तशीच दोराला धरून राहते. दोघे वाचनाच्या दिवशी तिच्यासमोरून चालत घरात येतील.

माझे म्हणणे चुकीचे ठरावे, असे मला वाटते. पण ते मी मागणी म्हणून लिहीत नाही.

क्लिफ्टन बोझमन हा साक्षीदार असल्यामुळे त्याला काही ठेवता येत नाही, असे हेवर्ड म्हणतात. म्हणून त्याला एक ताकीद देते. तू सकाळी कुत्रा घेऊन माझ्या धक्क्यावरून जातोस. होडी भरत चाललेली तुला दिसेल. तुला माझी कीव येईल, मुलांची येईल. डब्याला हात लावायचा नाही.

वरचे सगळे मी वाचून पाहिले. खाडाखोड नाही. आज सकाळी होडी उपसली आहे.

सही: एल्डा मे प्रुइट
हॅडक्स क्रीक, समरसेट काउंटी, मेरीलँड
९ ऑक्टोबर २०१९

मिस एल्डा यांनी आम्हा दोघांदेखत, त्यांच्या स्वयंपाकघरात, शुद्धीत राहून सही केली. आम्ही त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या करतो.

साक्षीदार: जून ट्विली, चर्चच्या ऑर्गनवादक

साक्षीदार: क्लिफ्टन बोझमन, शेजारी. कबूल आहे. हात लावणार नाही.