गुडघ्याच्या तेलाची परीक्षा

पालम,
७ जानेवारी १९८७

परभणीच्या हवेत शास्त्रज्ञ झालेले आमचे एकुलते एक मेहुणे वीरुपाक्षप्पा यांना सांबप्पा किराणावाल्याचे शरणार्थ. इकडे सर्व क्षेम. तुमची, घरच्या मंडळींची आणि चिमुकल्या बसवराजची तब्येत उत्तम असेलच. दुसऱ्या मजल्यावर हवा चांगली असते म्हणतात. आमच्याकडे असलेल्या तुमच्या मातोश्री सिद्धम्मांची काळजी नसावी. (ती तुम्ही करत नाहीच, पण पत्रात लिहायची पद्धत आहे.)

दिवाळीत आमच्या ओसरीवर अनारसे खाता खाता तुम्ही म्हणालात की आईला न्यायची फार इच्छा आहे हो, पण तिचे गुडघे जिना चढत नाहीत. तीन वर्षं हेच ऐकतोय. मी भोळा माणूस, म्हणालो की माझ्या आजोबांचं निरगुडीचं तेल करून लावतो. त्यावर तुम्ही, कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुण्याच्या थोर अनुभवावरून, मला शास्त्र शिकवलंत. दहा दुखणेकरी घ्यावेत, पाचांना खरं औषध द्यावं, पाचांना नुसतं तेल, कोणाला काय दिलं ते कळू देऊ नये आणि दर आठवड्याला वहीत लिहावं. आणि वर सगळ्यांसमोर शब्द दिलात की गुण आला तर त्याच दिवशी आईला घेऊन जाईन. मी तो शब्द धरून बसलो. (मूर्खपणाला औषध नाही, हे आजोबाही सांगायचे.)

मग ओढ्याकाठची निरगुडी आणली, लसूण ठेचला, दुकानातला ओवा घेतला आणि करडीच्या तेलात सगळं दोन दिवस कढवलं. वासानं तुमच्या बहिणीनं, म्हणजे चन्नबसम्मानं, चूल अंगणात नेली आणि मलाही. नुसत्या तेलाला रंग यावा म्हणून त्यात पालक कढवला. राहता राहिल्या बाटल्या. कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढून मी देशी दारूच्या दुकानामागे रिकाम्या बाटल्या वेचताना निम्म्या पालमनं पाहिलं. उरलेल्या निम्म्यांना पहिल्या निम्म्यांनी सांगितलं. बाटल्या चन्नबसम्मानं वाटल्या. कोणाला कोणती, ते तिलाच ठाऊक. मातोश्रींची बाटली तेवढी मी स्वतः निरगुडीच्या तेलानं भरली. शास्त्रानं आंधळं असावं, जावयानं का असावं?

आता निकाल ऐका. दहांपैकी बायनाबाईला नुसतं तेल गेलं होतं, हे चन्नबसम्मानं शेवटी सांगितलं. मध्येच आली येळवसेची अमावस्या. सगळा गाव शेतात जेवायला, आंबील प्यायला. दुसऱ्या दिवशी बायनाबाई दुकानात येऊन मलाच रागे भरली, "आवो सांबप्पा, घान्याचं इतकं चांगलं तेल पायाला चोळून नासवायचं व्हय? भज्जीच्या भाजीला फोडनी देली. लय चव आली बगा." मी वहीत लिहिलं, गुण आला, जिभेला. आश्रुबाला खरं तेल मिळालं. त्यानं ते बैलाच्या खांद्याला चोळलं. मी ओरडलो तर म्हणाला, "मी बसून बी खातो. बैल बसल्यावर काय करू? बगा की, जू घ्यायलाय आता." माझ्या तेलानं बरा झालेला पहिला रोगी चार पायांचा आहे, तेव्हा त्याला जिना चढवता येतो का ते कळवावे. बाकीच्यांनी बाटल्या घरादारात तीर्थासारख्या वाटून संपवल्या.

मातोश्रींना मी दर सोमवारी विचारायचो. त्या गुडघा धरून म्हणायच्या, "न्हाई बाबा, कायबी फरक न्हाई." सात सोमवार झाले. तेव्हा तेल नापास, तुम्ही जिंकलात, जिना तुम्हाला लखलाभ असो.

तुमचा हरलेला दाजी,
सांबप्पा

ता. क. पत्र पोस्टात टाकायला निघालो आणि संक्रांतीचे तीळ आत आणायचे राहिले म्हणून माळवदावर चढलो. बारा पायऱ्या, कठडा नाही. वर मातोश्री तीळ पाखडत बसलेल्या! खाली येऊन त्यांची पेटी उघडायला लावली. माझी बाटली बूचसुद्धा न काढता ठेवलेली, बसवराजसाठी शिवलेल्या कुंचीत गुंडाळून. मी चिडून विचारलं, तर म्हणाल्या, "जावाईबापू, माजे गुडगे बरे झाले मंजी वीरूला दुसरं निमित्त हुडकावं लागंल. लेकराला कशाला तरास?" मी बाटली पुन्हा त्याच कुंचीत गुंडाळून ठेवली. तुला सांगू नये म्हणून त्यांनी मला शपथ घातली आहे, म्हणूनच सांगतोय.

ता. क. दुसरा. वीरुपाक्ष, संक्रांतीला पहिल्या एस.टी.नं ये आणि आईला घेऊन जा. मला काही माहीत नाही आणि तुलाही नाही. जिना चढताना तिचा हात धर, आणि वर पोचल्यावर फक्त एवढं म्हण, "दाजीच्या तेलाचा गुण आला गं." तिचं खोटं झाकलं जाईल, तुझंही, आणि माझं तेल पास होईल.

ता. क. तिसरा. पंधरा दिवसांनी परत आणून सोड. त्या नाहीत म्हटलं की घर मला खायला उठतं. काही सुचलं नाही तर सांग, गुडघे पुन्हा दुखायला लागले.