बंद मशीनमधले शरणप्पा

६ ऑक्टोबर २००३. लातूर.
मशीन, म्हणजे माझा जुना कॉम्प्युटर, सुरू होत नाही. बटण दाबलं की नुसत्या शिट्ट्या, पडदा काळा. संजय म्हणतो, "काका, अपग्रेड केलंय. होईल." कुणी सांगितलं होतं? नांदेडच्या घरात ओल येते म्हणून सख्ख्या पुतण्याच्या क्लासच्या माडीवर ठेवलं, तर यानं त्यावर फिजिक्सचे पेपर टाइप करायला घेतले. हळू चालतं म्हणून नवी रॅम, जोडीला नवी डिस्क, बॅटरीसुद्धा बदलली. मला एक फोन नाही.
जुन्या डिस्कवर त्र्याण्णवच्या भूकंपात वाचलेल्यांच्या, मी घेतलेल्या जबान्या आहेत. वह्या वाळवीनं नेल्या, फ्लॉप्यांना बुरशी. आता जे आहे ते त्या डब्यात.
खाली रस्ताभर मेरिटवाल्या पोरांचे चेहरे लटकलेत. भूकंपानंतर या जिल्ह्यात सिमेंट आलं, सिमेंटवर क्लास उगवले. दहा वर्षांत गाडलेली माणसं विसरायला एवढं पुरलं.

७ ऑक्टो.
महादेवी आली, उदगीरहून. शरणप्पांची मुलगी. भूकंपात ती सासरी होती म्हणून वाचली. आई गेली. त्या पहाटे काय झालं ते बापानं तिला कधीच सांगितलं नाही. मला सांगितलं होतं, पत्र्याच्या शेडमध्ये, दुपारभर. यंदा उन्हाळ्यात शरणप्पांना लकवा झाला. वाचा गेली.
"सर, बाप बोलंना झालाय. तुमच्या डब्यात बोललाय म्हणं."
पुढच्या बुधवारी नांदेडला ये, कागदावर देतो म्हणालो. शब्द दिला. संजय मागं उभा, घड्याळ बघत. अकरावीची बॅच यायची होती.

८ ऑक्टो.
झाकण काढलं. आत कुंकू.
खंडेनवमीची पूजा. दरवर्षी बाहेरून लावतात. यंदा नवे पार्ट आत, झाकण उघडंच होतं. "नवी वस्तू कुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही ना काका. मग आतच लावावं लागतं." रॅमच्या पट्टीवर ओलं बोट. जुन्या डिस्कला वाईट वाटू नये म्हणून तिच्यावर स्वस्तिक. अक्षता पंख्यात. हा एम. एस्सी. फिजिक्स. शंभर पोरांना वीज शिकवतो.
जे बोललो ते इथं लिहीत नाही. मुलं जिन्यात थांबून ऐकत होती. ऐकू द्या.
डबा उचलून नांदेडची एसटी धरली. कंडक्टर म्हणाला, "लगेजचं तिकीट लागंल, गुरुजी. देव असंल तर न्हाई." झाकणावर माझ्या बोटांनी उमटलेलं कुंकू बघून. मागची बाई पाया पडली. माझ्या मांडीवरच्या डब्याच्या.

९ ऑक्टो. नांदेड.
रफिकच्या दुकानात. जुनी मशीनं तोच एक घेतो अजून. झाकण उघडून आधी पोट धरून हसला. म्हणाला, "रॅम, सॉकेट साफ करतो सर. डिस्कवर वरून लागलंय, त्यानं काय होत न्हाई. राहू द्या."
मी म्हणालो, राहू द्यायचं नाही. एक कण ठेवायचा नाही. थिनर घे, घासून काढ. उभा राहून करून घेतलं.

१० ऑक्टो.
कंधारला व्याख्यान. विषय ठरलेला होता तो बाजूला ठेवला, कुंकवावरच तासभर बोललो. डिस्कवरचं स्वस्तिक सांगितलं तेव्हा सभागृह हसून लोळलं. वीस वर्षं ओरडतोय, यांच्या डिग्र्या मळवटासारख्या आहेत, कपाळाच्या आत काही जात नाही. टाळ्या.
परत येताना बसमध्येही तेच बोलत होतो बहुतेक. शेजारचा उठून पुढं गेला.

११ ऑक्टो.
रफिकचा निरोप, या. पडदा लागला. पण मशीन विचारतंय: डिस्क कोणती?
संजयनं जुनी बॅटरी काढली तेव्हाच ते सगळं विसरलं. इतक्या जुन्या मशीनला डिस्कचे आकडे हातानं भरावे लागतात. आकडे असतात डिस्कवर चिकटवलेल्या कागदावर, छापलेले.
कागद कोरा. थिनरनं कुंकवाबरोबर शाई गेली.
"तुम्हीच बोल्ले ना सर, एक कण ठेवू नको."
त्याच्यावर ओरडलो. दुकानाबाहेर येऊन संजयला फोन लावला, त्याच्यावरही ओरडलो. तो सगळं ऐकून म्हणाला, "कुंकू मी लावलं काका. पुसलं कुणी?" फोन आपटला.

१३ ऑक्टो.
डिस्क दुसऱ्या नव्या मशीनला लावून पाहिली, ते ओळखत नाही. माझं मशीन विकणारा औरंगाबादचा, त्याचं दुकान कधीच बंद. रफिक अंदाजानं आकडे भरतोय, या कंपनीच्या डिस्क साधारण अशा असायच्या म्हणून. एकेकदा डिस्क गुरगुरते. मग गप्प.
घरात फेऱ्या मारत बोलत होतो. बायको, कुसुम, म्हणाली, "भाषणानं चालू होत असतं तर एव्हाना झालं असतं. जेवून घ्या." जेवलो नाही.

१५ ऑक्टो. बुधवार.
महादेवी ठरल्याप्रमाणं आली. दुकानात स्टुलावर बसवलं. रफिकचं काम चालूच. तिला सगळं सांगितलं, कुंकू, थिनर, संजयचा गाढवपणा. तिनं संजयबद्दल काही विचारलं नाही.
"तुमाला आठवत आसंल की, सर. तोंडी सांगा."
आठवतं की. शेकडो सभांत सांगितलंय. सुरू केलं: शरणप्पा म्हणाले, माती अंगावर आली तेव्हा माझी काशीबाई हाताच्या अंतरावर होती. मी हाक मारत होतो, काशीबाई, काशीबाई...
ती थांबवून म्हणाली, "बाप मायीचं नाव घ्यायचा न्हाई. कदीच न्हाई. आमच्यात घेत न्हाईत."
मी म्हणालो, संकटात माणूस घेतो.
"घेतलं आसंल. पर तुमी सांगायलात ते तुमचं बोलणं हाय. माझा बाप आसा बोलत न्हाई." रागानं नाही म्हणाली. "खरं सांगा, काय म्हणून हाक मारली म्हणला व्हता?"
डोळे मिटून पाहिलं. शेड दिसते, शरणप्पांचा फाटका बनियन दिसतो, पत्र्यावर ऊन वाजतंय. तोंड हलतंय. आवाज माझाच येतो.
संताप नुसता. कुणावर काढू. संजय इथं नाही, रफिक पाठ करून बसलाय.
"न्हाई ना आठवत?" म्हणाली.
नाही म्हणालो.
शेवटची उदगीरची गाडी सुटेल म्हणून रफिकनं तिला घड्याळ दाखवलं. ती उठली नाही. स्टूल ओढून पडद्यासमोर घेतलं आणि त्याला म्हणाली, "भाऊ, तुमी टाका आकडे. मी बसते."