लुईझाची पानं गळाली

तबूक, सौदी अरेबिया, मंगळवार, जानेवारी

शेजारच्या उम्म सालेमची लुईझा मी मारली की काय? म्हातारी ऑपरेशनला जेद्दाला गेली, तेव्हा लिंबाच्या वासाच्या पानांच्या या झाडाची कुंडी थंडीभर सांभाळ म्हणाली. तिच्या नवऱ्याने लावलेली. तो गेला, आता चहात हीच पानं घालते.

बाहेर पाणी गोठतं म्हणून कुंडी घरात घेतली, ते बरोबर. पण आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालायचं आणि तांब्यात उरलेलं हिला! कोणी सांगितलं होतं? आज शेवटचं पान गळालं. नुसत्या काड्या.

पोरीने मोबाईलवर बघितलं. "आई, इट्स स्लीपिंग! थंडीत पानं टाकते ती. पाणी बंद कर." नखाने काडी खरवडली, आत हिरवी. पण मातीचा चिखल झालाय, वास मारतोय. मुळं कुजली असतील तर? परत खरवडली. हिरवीच. किती सोलू तिला?

तेवढ्यात म्हातारीचा फोन. ऑपरेशन उद्याच. स्वतःचं राहिलं बाजूला, मोडक्या हिंदीत विचारते, "लुईझा कैसा?"

"एकदम अच्छा," म्हटलं. काय सांगणार होते?

लगेच चिखल काढून कोरडी माती भरली. बोलून बसलेय, आता जगलीच पाहिजे.